कोरा नमुना

वेइक्कोनं बर्फाला भोक पाडून नळी खाली सोडली
आणि आखाताचा तळ उभाच्या उभा वर काढला.
मग ओठांत विझलेली सिगारेट धरून
मुळ्याच्या चकत्या कराव्यात तसा कापत गेला गाळ :
वरची चकती तपकिरी, मऊ, कालची.
खालच्या काळ्या. सडक्या अंड्यांचा वास.
सतरावीत सीझियमची खूण, त्या एप्रिलमधल्या पावसाची.
तिथून मोजत खाली गेलं की
चोविसावी.
त्या साली मी जन्मले.

ती मी स्वतःकडे ठेवून घेतली.
प्रयोगशाळेत असं करायचं नसतं.

आधी गोठवून सुकवली. खलात घोटली.
दहा ग्रॅम, वर चिमूटभर हिशेबाचा कार्बन,
जो कुठल्याच समुद्रात सापडत नाही,
म्हणजे वाटेत किती सांडलं ते कळतं.
कागदी टोपणात भरून सॉक्सलेटमध्ये उभी केली
आणि खाली टोल्युईन उकळायला ठेवलं.

वाफ वर जाते, थंड होते, थेंब थेंब गाळावर पडते.
नळी भरत राहते, भरत राहते,
काठोकाठ आली की घटकन रिकामी होते.
अकरा मिनिटांनी पुन्हा.
वीस तास.
रात्रपाळीला मी शेजारी स्टुलावर. राईची भाकरी, थर्मासमधली कॉफी.
बाहेर काळोखात बर्फ तडकल्याचा आवाज.

बाबा लाकडाच्या गिरणीत होते.
उन्हाळ्यात ताज्या फळ्या हौदात बुडवायच्या,
निळी बुरशी धरू नये म्हणून.
हौदातलं औषध कोपरापर्यंत.
शनिवारी हौद धुतला की पाणी नदीत,
नदी आखातात.
पाणी कुठं मुरतंय
हे विचारायची तेव्हा कुणाला गरज वाटली नाही.
संध्याकाळी त्याच आखातातले हेरिंग आणायचे बादलीभर,
आई राईच्या पिठात घोळवून तळायची,
पोटात मी होते म्हणून
मला दोन जास्त.

सकाळी अर्क पिवळसर झालेला.
तांब्याचा कीस टाकला, गंधक ओढून घ्यायला.
बघता बघता तांबं काळं ठिक्कर.
मग आम्लाची वाळू भरलेला काचेचा खांब :
त्यात शेवाळ जळतं, चरबी जळते, पानांचा हिरवा जळतो,
जे जे कधी जिवंत होतं ते सगळं जळतं.
जे कधीच जिवंत नव्हतं
ते शाबूत खाली उतरतं.

शेवटी नत्राची फुंकर.
पोळलेल्या बोटावर आई घालायची तेवढीच हळू.
दोनशे मिलिलीटरचे वीस मायक्रोलीटर होतात,
बाटलीच्या तळाशी आहे की नाही असं वाटणारं काहीतरी.
ते यंत्राला देऊन मी हात धुते.
कोपरापर्यंत धुते.

पडद्यावर शिखरं उगवली,
एकेक आपापल्या मिनिटाला, गाडीच्या वक्तशीरपणानं.
चोविसावीतली सर्वांत उंच.
मला आश्चर्य वाटलं नाही. थोडा अभिमान वाटला
आणि मग त्याची लाज.

प्रत्येक खेपेला एक रिकामं टोपणही उकळायचं असतं,
गाळाशिवाय. तेच टोल्युईन, तेच तांबं, तेच वीस तास.
त्याला आम्ही कोरा म्हणतो.
या खेपेच्या कोऱ्यातही, त्याच मिनिटाला,
एक बारीक उंचवटा.
हवेतून आला असेल. काचेतून. माझ्या बाहीवरून.
नियम आहे : तो नमुन्यातून वजा करायचा.
मी वजा केला. आकड्यात फारसा फरक पडला नाही.

रविवारी वृद्धाश्रमात बाबा खिडकीशी बसलेले.
त्यांना वाटतं, माझं काहीतरी समुद्रात पडलंय,
अंगठी नाहीतर किल्ली,
आणि इतकी वर्षं मी तेच शोधतेय.
हात अजून तसेच, फळीएवढे रुंद.
"सापडलं का गं?"

"सापडलं, बाबा."
"कुठं होतं?"

मी त्यांच्यासाठी बटाटा सोलत होते.
गरम होता. फुंकर घालून दिला.